मोरजीच्या वाळूतून त्सो मोरीरीपर्यंत: लडाखच्या तळ्यांवर पक्षी-प्राणी बघायला जाताना कुठली गोष्ट कधी करायची

दरवर्षी ओळखीतलं कोणीतरी लडाखला जाऊन येतं आणि सांगतं, तळं बघितलं, फोटो काढले, पण पक्षी काही दिसले नाहीत, डोकं दुखत होतं म्हणून गाडीतच झोपलो. विचारलं की किती दिवस होतात, तर सहा. पहिल्या दिवशी लेह, दुसऱ्या दिवशी पँगाँग. मग डोकं दुखणार नाही तर काय होणार. गोव्यातला सगळ्यात उंच डोंगर सोंसोगड, तोसुद्धा बाराशे मीटर भरत नाही आणि आपल्यातले बहुतेक लोक तिथेही गेलेले नसतात, आपली उंची म्हणजे चोर्ला घाट. आणि हे लोक मोपा विमानतळावरून सकाळी उडून दुसऱ्या दिवशी सव्वाचार हजार मीटरवर.

चूक जायची नाही, क्रमाची आहे. आधी अंग तयार व्हायला हवं, मग डोळे, कॅमेरा सगळ्यात शेवटी. आपले लोक नेमकं उलटं करतात, पहिली खरेदी लेन्सची. खाली जो क्रम दिलाय तो त्सो मोरीरी आणि त्सो कार या दोन तळ्यांसाठी आहे, दोन्ही चांगथांगच्या पठारावर, दोन्ही रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी; त्सो मोरीरी २००२ पासून, त्सो कार २०२० पासून), आणि दोन्ही साधारण ४५०० मीटरवर. पँगाँग मी मुद्दाम सोडलंय. ते सुंदर आहे, पण तिथे गर्दी जास्त, पक्षी कमी.

१. महिना ठरवा, मग तिकीट

आपण सुट्टी बघून तिकीट काढतो. मे महिन्यात गेलात तर तळ्याच्या काही भागात अजून बर्फ असू शकतो, पक्षी आलेले असतात पण पिल्लं नसतात. काळ्या मानेचे क्रौंच मार्च-एप्रिलमध्ये येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघून जातात. पिल्लांसकट बघायचे असतील तर जूनचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्ट धरा. सप्टेंबरमध्ये हवा एकदम स्वच्छ असते आणि गर्दी ओसरते, पण रात्री कडाक्याची थंडी. आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बहुतेक वेळा तेव्हाच येते, त्यामुळे घरून परवानगी मिळवायचं तुमचं तुम्ही बघा, त्यात मी काही मार्गदर्शन करू शकत नाही.

दिवस किती? लेहमध्ये उतरण्यापासून लेह सोडेपर्यंत कमीत कमी आठ. सहा दिवसच मिळत असतील तर तळ्यांचा नाद सोडा, लेहच्या आसपास सिंधूकाठी पक्षी बघा, तेही छान आहे (पुढे सांगतो).

परतीचं तिकीट काढताना एक गोष्ट. लेहची बहुतेक विमानं सकाळी असतात आणि हवा बिघडली की सरळ रद्द होतात. त्याच दिवशी दिल्लीहून दाबोळी किंवा मोपाचं पुढचं विमान धरून ठेवलंत तर एक दिवस पैसे बुडणारच. मध्ये दिल्लीत एक रात्र ठेवा.

तपासा: आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. तळ्यांच्या भागात जायला लेह प्रशासनाचं परमिट लागू शकतं, ते ऑनलाइन निघतं. नियम बदलत असतात म्हणून निघायच्या आठवड्यात परत बघा आणि त्याच्या चार-पाच झेरॉक्स ठेवा, चेकपोस्टवर मागितली तर एकेक द्यावी लागते, आणि तिथे झेरॉक्सचं दुकान नाही.

२. गोव्यातच सराव

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात मजेची आहे.

त्सो कारला जे पक्षी घरटी करतात त्यातले काही हिवाळ्यात आपल्याच किनाऱ्यावर असतात. तपकिरी डोक्याचा कुरव, म्हणजे ब्राउन-हेडेड गल, मोरजीला शापोरा नदीच्या तोंडाशी थव्याने बसतो. तेव्हा त्याचं डोकं पांढरं असतं, डोळ्याच्या मागे फक्त एक काळपट ठिपका, जणू कोणी शाईचं बोट लावलंय. मार्च-एप्रिलमध्ये हळूहळू तपकिरी टोपी चढायला लागते आणि पूर्ण टोपी घालून तो वर जातो. सँड प्लोव्हरचं तसंच. आपल्या वाळूत तो मातकट, दुर्लक्ष करावं असा, थांबत-थांबत पळणारा. लडाखमध्ये तोच पक्षी छातीवर विटकरी रंग घेऊन उभा असतो, आणि मी पहिल्यांदा बघितला तेव्हा पाच मिनिटं पुस्तक चाळत बसलो होतो, हा कोण म्हणून. मोरजीत शंभर वेळा बघितलेला! लाल पायाचा रेडशँक आपल्या खाजनात चिखलात चोची मारत असतो, उन्हाळ्यात तोही तिकडच्या पाणथळीत.

तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन-चार सकाळी मोरजीला आणि करमळीच्या तळ्यावर घालवा. दुर्बीण डोळ्याला लावून पक्षी पटकन पकडायची सवय करा. हे उंचावर शिकता येत नाही, कारण तिथे हात गारठलेले असतात आणि दुर्बीण उचलली तरी दम लागतो.

सामान थोडक्यात: दुर्बीण ८ बाय ४२ पुरे. स्कोप (तिपाईवर लावायची मोठी दुर्बीण) असेल तर जरूर न्या, तळ्यावर अंतर फार असतं, उसना मिळाला तरी चालेल. लेन्स चारशे मिलिमीटरच्या खाली असेल तर क्रौंच म्हणजे फोटोत एक पांढरा ठिपका येणार हे मान्य करून चला आणि तरीही जवळ जाऊ नका. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरलेली असते ती निघण्याआधी बघून घ्या, तिथे गेल्यावर लखलखीत उन्हात प्रत्येक डाग दिसतो.

आणि डॉक्टर. रक्तदाब, दमा, हृदयाचं काही असेल, गरोदरपण असेल तर आधी विचारा. उंचीच्या त्रासावरची गोळी डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड घ्यायची की नाही तेही त्यांनाच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. ही गोळी घेतली की लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात, ते अपेक्षित आहे, घाबरू नका.

थांबा: "मी रोज फुटबॉल खेळतो, मला काही होणार नाही" हे वाक्य ज्याने म्हटलं तोच आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात आधी आडवा झाला. तब्येत ठणठणीत असण्याचा आणि उंची न सोसण्याचा तसा संबंध नाही. उलट धडधाकट पोरं पहिल्याच दिवशी जिने पळत चढतात आणि पस्तावतात.

३. लेहमध्ये तीन रात्री, तक्रार न करता

लेह साधारण ३५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडा कमी, आणि तळ्यांवर तर ५७-५८ टक्केच. म्हणजे प्रत्येक श्वासात तेवढाच कमी ऑक्सिजन. शरीर जुळवून घेतं, पण त्याला रात्री लागतात, गोळ्या-काढे त्याला पर्याय नाहीत.

पहिला दिवस: खोली, पाणी, सूप, झोप. बाजारातही जाऊ नका. फेणी घरीच ठेवून या, दारू पहिले तीन दिवस अजिबात नको, झोपेत श्वास मंदावतो.

दुसरा दिवस: गावातल्या गावात सपाट चालणं. भिंतीवर काळा-पांढरा, लांब शेपटीचा मॅगपाय दिसेल, आपल्याकडे नाही तो, तिथे कावळ्यासारखा सगळीकडे.

तिसरा दिवस: शे आणि ठिकसेच्या मधल्या सिंधूकाठच्या पाणथळीत सकाळ काढा. ही जागा लेहपेक्षा थोडी खालीच आहे म्हणून त्रास होत नाही. नदीच्या गोट्यांमध्ये आयबिसबिल शोधायचा, राखाडी, कोयत्यासारख्या वाकड्या लाल चोचीचा. तो गोट्यांच्या रंगाचाच असतो, दिसत नाही म्हणजे दिसतच नाही, आणि मग एक गोटा चालायला लागतो. गोट्यांवरून दुर्बीण सावकाश फिरवत राहायची. तळ्याच्या काठावर हेच करायचंय.

तपासा, तिसऱ्या रात्री, प्रामाणिकपणे: डोकं दुखतंय का? मळमळ? जेवण जातंय का? चक्कर? डोकेदुखी आणि त्यासोबत यातलं एक जरी असेल तर चौथ्या दिवशी निघू नका. गाडी ठरली आहे, पैसे दिलेत, बाकीचे तयार आहेत, हे सगळं मला माहीत आहे. तरीही नाही.

४. मधला मुक्काम: चुमाथांग

नियम साधा आहे, तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. लेह ते कोरझोक (त्सो मोरीरीकाठचं गाव) ही एकदम हजार मीटरची उडी. गाड्या साधारण २२० किलोमीटर एका दिवसात नेतात, सात-आठ तासांत, आणि सगळे टूरवाले हेच विकतात. मध्ये सिंधूकाठी चुमाथांग आहे, साधारण ४००० मीटर, गरम पाण्याचे झरे, साधी राहायची सोय. एक रात्र तिथे काढा. बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर ड्रायव्हर म्हणणार तिथे काय आहे, काही नाही. तिथे काही नाही म्हणूनच थांबायचं.

माझे भावोजी फोंड्याचे, त्यांच्या टूरवाल्याने ही रात्र "वाया" म्हणून काढून टाकली. कोरझोकला रात्री दोनला त्यांना बसल्या जागी दम लागला, खोकला सुरू. गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर होता पण त्याची चावी लेहला. पहाटे चारला खाली निघाले, चुमाथांगला पोचेपर्यंत रंग परत आला. आता ते कदंब बसच्या पायऱ्या चढतानाही ही गोष्ट सांगतात.

तपासा, गाडीत बसण्याआधी: सिलिंडर आहे का, भरलेला आहे का, मास्क आहे का, चावी आहे का. ड्रायव्हरला उघडून दाखवायला लावा. वयाने मोठे असतील तर "आचो-ले" (दादा) म्हणा, "जुले" (नमस्कार) म्हणा, हसून उघडून दाखवतील.

५. कोरझोक: आधी परतीचा रस्ता समजून घ्या

ही गोष्ट कोणी सांगत नाही. त्सो मोरीरी हा एक वाडगा आहे. तिथून खाली यायचं तर आधी थोडं वर चढावं लागतं, सुमदोच्या बाजूने बाहेर पडताना नामशांग ला नावाची खिंड लागते. त्सो कारकडून लेहला सरळ गेलात तर टागलांग ला, ५३२८ मीटर. म्हणून कोरझोकला कोणाला बरं नसेल तर "उद्या त्सो कार करून परवा लेहला जाऊच की" असं करू नका. उलटं फिरा, सुमदो, माहे, चुमाथांग. आणि लवकर ठरवा.

थांबा: बसल्या जागी धाप, सतत खोकला, थुंकी फेसाळ किंवा गुलाबी, बोलण्यात गोंधळ, सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालता न येणं, यातलं काहीही दिसलं की पक्षी-बिक्षी विसरा, रात्र असली तरी लगेच खाली. सकाळची वाट बघायची नाही.

जेवणाचं एक. आम्ही उकडे तांदूळ घेऊन गेलो होतो, पेज करायची म्हणून. या उंचीवर पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळतं. दीड तास चूल चालली, वर दुधासारखं पाणी, तळाशी तांदूळ टणक, दाताखाली रेतीसारखे. होमस्टेच्या आमा-ले (आई) लांबून बघत होत्या, शेवटी आत जाऊन कुकर घेऊन आल्या. कुकर नसेल तर तांदूळ नेऊ नका, थुक्पा खा.

६. तळ्यावरची सकाळ

जूनमध्ये पाच-सव्वापाचला उजाडतं. उजाडताना तुम्ही जागेवर पोचलेले असायला हवं, उठून चहा घेत असताना नव्हे. नऊ-दहानंतर जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि स्कोपमधून क्रौंच पाण्यातल्या सावलीसारखा हलतो, महागातली लेन्सही तिथे काही करू शकत नाही. दुपारनंतर वारा. म्हणजे खरं काम चार तासांचं, बाकी वेळ विश्रांती.

क्रम असा ठेवा:

पहिलं, गाडी रस्त्यावरच थांबवा. इंजिन बंद, दारं उघडू नका. प्राणी गाडीला जेवढे घाबरतात त्याच्या कितीतरी पट जास्त दोन पायांवर चालणाऱ्या माणसाला घाबरतात. गाडी हीच तुमची लपण.

दुसरं, उघड्या डोळ्यांनी सगळा काठ डावीकडून उजवीकडे. मग तोच काठ दुर्बिणीने. मग संशय आला तिथे स्कोप. लोक थेट कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतून तळं शोधतात आणि वीस मिनिटांनी म्हणतात काही नाही.

तिसरं, बघायचं कुठे. क्रौंच उघड्या पाण्यात नसतो, पाणथळ गवतात असतो. त्सो कारच्या शेजारी स्टार्टसापुक त्सो आहे, गोड्या पाण्याचं. मोठं तळं खारट, काठावर मिठाची पांढरी साय. घरटी, पिल्लं, बहुतेक सगळी हालचाल गोड्या पाण्याच्या बाजूला. लोक मात्र पांढऱ्या काठावर फोटो काढून परत येतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले पट्टकादंब थव्याने चरताना दिसतील, तांबूस ब्राह्मणी बदकं दिसतील, शेंडीवाले ग्रीब पाठीवर पिल्लं घेऊन फिरताना दिसले तर दिवस सार्थकी. कुरव तपकिरी टोपीत, त्याला हळूच सांगा मोरजीची वाट बघतायत म्हणून.

चौथं, पठारावर क्यांग, म्हणजे रानगाढव. याला घोडा म्हणू नका. वर तांबूस, पोट आणि पाय पांढरे, पाठीवरून गडद रेघ. गाडीच्या बाजूने हे पळायला लागले की ड्रायव्हर वेग वाढवतात, पर्यटकांना आवडतं म्हणून. आमच्याही ड्रायव्हरने वाढवला. त्या हवेत तुम्हाला दोन जिने चढून दम लागतो, त्यांच्या कळपात पिल्लं असतात. आधीच सांगून ठेवा, पळाले तर थांबायचं.

पाचवं, आता कॅमेरा. बॅटऱ्या रात्रभर अंथरुणात जवळ घेऊन झोपा, थंडीत त्या अर्ध्या दिवसात संपतात. थंडीतून तंबूत आल्यावर कॅमेरा बॅगेतच बंद ठेवा, लगेच काढला तर काचेवर पाणी धरतं.

किती जवळ? मी मीटर सांगत नाही, प्राण्याकडे बघा. क्रौंच चरणं सोडून मान ताठ करून तुमच्याकडे बघतोय, किंवा जोडीने ओरडतायत, म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आहात, मागे या. मार्मोट मागच्या पायांवर उभा राहून शिट्टी मारतोय, तेच. क्यांगनी चरणं थांबवून सगळी तोंडं तुमच्या दिशेला केली, तेच.

थांबा: काठावर गाडी उतरवू नका. एक तर चाक रुततं, मिठाच्या पापुद्र्याखाली मऊ चिखल असतो आणि ओढून काढायला दुसरी गाडी तासन् तास येत नाही. दुसरं म्हणजे प्लोव्हर, लार्क हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, खड्यांच्या रंगाची. चाकाखाली काय आलं ते तुम्हाला कळतही नाही.

७. ज्या चुका चांगल्या माणसांकडून होतात

मार्मोटला बिस्किट. आमच्याच गाडीतल्या एकाने चिप्सचं पाकीट पुढे केलं, तो गुबगुबीत प्राणी दोन हातांत धरून खायला लागला, सगळे खूश, व्हिडिओ. हा प्राणी गवत-मुळं खाऊन चरबी साठवतो आणि त्या चरबीवर अख्खा हिवाळा बिळात झोपून काढतो. मीठ-मैद्यावर तो हिवाळा निघत नाही. शिवाय माणसाची भीती गेली की रस्त्यावर येतो आणि गाडीखाली जातो.

उरलेलं जेवण बाहेर टाकणं. "कुत्री खातील" म्हणून. खातात आणि वाढतात. तीच भटकी कुत्री पुढे पाणथळीत क्रौंचाची अंडी-पिल्लं शोधत फिरतात. क्रौंच एकदा एक किंवा दोनच अंडी घालतो, त्यातलं एक कुत्र्याने नेलं तर काय उरलं. म्हणून कोंबडीचं हाडसुद्धा पिशवीत, पिशवी परत लेहला. वास येतो, माहीत आहे, दोन पिशव्या घ्या.

घरट्याची जागा नकाशासकट टाकणं. फोटो जरूर टाका, जागा फक्त "चांगथांग". दुसऱ्या आठवड्यात तिथे दहा गाड्या नकोत.

ड्रोन नेऊच नका, सीमेचा भाग आहे, परवानगी नाही, आणि पक्ष्यांना तो ससाण्यासारखाच वाटतो.

हिमबिबट्या. उन्हाळ्यात तळ्यावर "स्नो लेपर्ड दाखवतो" असं कोणी म्हणालं तर हसून पुढे चला, त्यासाठी लोक भर हिवाळ्यात जातात आणि दुसऱ्या दऱ्यांमध्ये जातात. लांडगा मात्र दिसू शकतो, लोकरीचा ससा आणि पिका तर दिसतातच, फक्त पायाशी बघायला हवं.

८. परत येताना

त्सो कारहून लेहला टागलांग ला वरून येताना वर थांबून पोरं नाचतात, सेल्फी काढतात. पाच-दहा मिनिटं पुरे, खाली या. लेहला परत एक रात्र.

त्या रात्री वही काढा आणि प्रत्येक पक्ष्यापुढे दिवस, वेळ, जागा आणि काय करत होता ते लिहा, खोलीतच, झोपायच्या आधी. घरी आल्यावर शीत-कडी पोटात गेली की काही आठवत नाही. कुरवासमोर टोपी पूर्ण होती का अर्धी, प्लोव्हरची छाती किती लाल होती, हे खास लिहा, कारण पुढच्या फेब्रुवारीत मोरजीला तीच वही लागणार आहे.